चंद्रीच्या टापा

वरातीपुढे ताशांच्या जागी बँड नुकताच वाजू लागला होता, तेव्हाची ही गोष्ट. नवरदेवांना पाठीवर घेऊन मुंगीच्या पावलांनी चालून विटलेली चंद्री घोडी मालकाला म्हणाली, "तात्या, उद्यापासून मी घाटातली डाक न्यायला जाणार."

तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी लगबगीनं पेटी उघडली. "ही जरीची झूल, हे चांदीचे घुंगरू. सगळं तुझंच! आता तरी राहशील ना?"

चंद्रीचा जीव घुटमळला. झूल खरंच देखणी होती.

"आणि चाल?" तिनं विचारलं.

"चाल तीच गं, बँडच्या मागं."

चंद्रीनं मान झटकली आणि ती घाटाच्या वाटेनं चौखूर उधळली. गावातला बँड मागं विरला, आणि जन्मात पहिल्यांदाच तिला स्वतःच्या टापा ऐकू आल्या. काय खणखणीत वाजत होत्या!