बोकेमहाराजांचं उबवणीचं कपाट

एका रानात एक बोका राज्य करत होता. तो राजा कसा झाला, असं विचारू नये. कोंबड्यांनीच निवडून दिला होता. विरोधात घुबड उभं होतं, पण प्रचाराच्या वेळेला ते झोपलेलं असायचं.

बोकेमहाराजांना अंडी फार आवडत. खुराड्याखुराड्यातून अंड्यांचा सारा राजवाड्यावर जायचा. अडचण एकच होती. कोंबडी खुडूक बसली, की अंडी घालणं बंद करते, पिसं फुगवून बसते आणि जवळ येईल त्याला टोचते. या तिन्ही गोष्टी महाराजांना खपत नसत. म्हणून कावळ्यानं झाडाझाडावरून दवंडी दिली, की यापुढे रानात कुणी खुडूक बसायचं नाही, बसणं हा आळस आहे, पिल्लं काढायचं काम आता सरकार करील. कोंबड्यांनी टाळ्या वाजवल्या. पंख दिलेत देवानं, उडता येत नाही, मग टाळ्या तरी वाजवाव्यात.

उबवणीचं कपाट आणायला समिती नेमली. अध्यक्ष मुंगूस, कारण अंड्यांचा त्याच्याइतका अभ्यास रानात दुसऱ्या कुणाचा नव्हता. कोंबड्यांतर्फे तांबडीला घेतलं. तांबडी म्हणजे ऐकून घेणारी बाई नव्हे. अर्धं रान तिच्याच लेकीसुनांनी भरलेलं. आता वय झालं होतं, आणि यंदाची अंडी शेवटची, हे तिचं तिला कळत होतं. तीच अंडी कपाटात जायची होती.

कपाटं विकायला बगळा बसला होता. तांबडीनं त्याला भंडावून सोडलं. वरच्या खणात नि खालच्या खणात ऊब सारखी राहते का, वाफेसाठी पाणी कुठे ठेवायचं, अंडी फिरवतं कोण. बगळ्यानं एक साधं पत्र्याचं कपाट दाखवलं. आतला पंखा ऊब सगळीकडे पोचवायचा, ट्रे आपले आपण कलायचे. मुंगसानं त्याला चहूबाजूंनी हुंगलं आणि विचारलं, याला कुलूप कुठे आहे? कुलूप नव्हतं. शेजारच्याला होतं, शिवाय काचेचं दार, सोनेरी पट्टी आणि वर भोंगा. ट्रे मात्र हातानं फिरवायचे.

"वीज गेली तर?" तांबडीनं विचारलं.

"महाराजांनी वीज जायला बंदी घातलीय," मुंगूस म्हणाला.

"मग मरणालाही घालायला सांगा. एका कागदात होऊन जाईल."

समितीनं भोंग्याचं कपाट एकमतानं निवडलं. तांबडीचं मत मोजताना कुठेतरी सांडलं.

उद्घाटनाला सगळं रान लोटलं. महाराज उंच खोडावर चढले. "माझ्या माताभगिनींनो, तुमच्या आज्या बसल्या, तुमच्या आया बसल्या, तुम्ही बसलात. काय मिळालं? आता तुम्ही उठा. मी बसतो." पुष्कळ जणींच्या डोळ्यांना पाणी आलं.

किल्ली मुंगसाकडे राहिली. अंडं दिव्यासमोर धरून आत जीव धरलाय का ते पाहावं लागतं, आणि धरला नसेल ते काढून टाकावं लागतं. मुंगूस हे काम फार मनापासून करी. पुढे पुढे जीव धरलेल्या अंड्यांचाही त्याला संशय येऊ लागला. अंडी फिरवायचं काम तेवढं कोंबड्यांना मिळालं, श्रमदान म्हणून. म्हणजे बसायचं काम काढून घेतलं आणि उभं राहून करायला लावलं.

पिल्लं बाहेर यायची वेळ जवळ आली, की कोंबडी अंड्यांशी बोलते. पिल्लू आतूनच आईचा आवाज ओळखायला शिकतं. तांबडीनं ट्रेशी चोच नेली आणि हळूच कुक-कुक केलं. आतून बारीक चिवचिव आली. मुंगसानं तिला तिथल्या तिथे बाहेर काढलं. बिगरसरकारी आवाजानं ऊब बिघडते म्हणे. मग पिल्लांना मायेची उणीव भासू नये म्हणून काचेला आतून महाराजांचा फोटो लावला, आणि आधीच्या राजानं किती पिल्लं खाल्ली इथपासून भोंग्यातून महाराजांचं भाषण सुरू झालं. ते थांबेचना.

तांबडीची धाकटी जाऊ ठिपकी म्हणाली, "जाऊबाई, सारखं काय नावं ठेवायची? इतका खर्च केलाय त्यांनी."

"खर्च आपल्या अंड्यांचा झालाय, ठिपके. त्यांचं फक्त पोट झालंय."

ठिपकी त्या दिवसापासून तिच्याशेजारी उभी राहीना.

एका सकाळी टरफलं तडकली. दार उघडलं. तांबडी पुढे झाली, पंख पसरले, साद घातली. पिल्लं ओल्या पायांनी धडपडत आली, तिच्या पायांमधून निघून गेली आणि थेट बोकेमहाराजांच्या पोटाखाली शिरली. जमाव गहिवरला. महाराज निश्चल बसून राहिले. कावळा म्हणाला, असा संयम हजार वर्षांत कुणी पाहिला नाही.

दुपारी एक पिल्लू कमी भरलं. मुंगसानं जाहीर केलं, की ते उच्च प्रशिक्षणाला गेलं.

दिवस कलताना तांबडीनं आपल्यासारख्याच तांबूस रंगाचं एक पिल्लू बाजूला गाठलं. म्हणाली, "बाळा, मी तुझी आई."

"निवडणूक जवळ आली, की सगळ्याच म्हणतात," पिल्लू म्हणालं.

तांबडीनं गिळलं ते. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणाचं बोलणं गिळलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मला नको मानूस. पण तुझा भाऊ सकाळी त्यांच्या पोटाशी होता. आता त्यांच्या मिशीला त्याची लव चिकटलीय. स्वतःच्या डोळ्यांनी बघ, आणि आज रात्री तिथे झोपू नकोस. एवढंच मागते."

पिल्लानं वळून पाहिलं. मिशी पाहिली, लव पाहिली. बराच वेळ पाहिली. मग मान ताठ करून त्यानं विचारलं, "आणि आधीच्या राजानं पिल्लं खाल्ली, तेव्हा तू कुठे होतीस?"

अंड्याचं टरफल अजून त्याच्या शेपटीला चिकटलेलं होतं.