पाट्यांची बाग

त्या राज्यात झाडे नव्हती. झाडांच्या पाट्या होत्या. दर वर्षी ठरलेल्या दिवशी सारे प्राणी उजाड बागेत जमत, कचरा झाडून काढत, खड्ड्यांत रोपे लावत आणि प्रत्येक रोपापाशी लावणाऱ्याच्या नावाची पाटी रोवत. मग टाळ्या वाजत आणि सगळे घरी जात. रोपे वाळत, पाट्या राहत. पुढच्या वर्षी खड्डे तेच असत, थोडे अधिक खोल झालेले.

वारा सुटला की पाट्या एकमेकींवर आपटत. तो आवाज पानांसारखा वाटे. म्हाताऱ्या प्राण्यांना तो ऐकून बरे वाटे.

एका खारीला मात्र त्या आवाजाने झोप लागत नसे. तिची पिल्ली चढायच्या वयाची झाली होती आणि चढायला काही नव्हते. आभाळात घार फिरे. "घारीची सावली दिसली की वर पळायचं," असे खार पिल्लीला रोज बजावी.

"वर म्हणजे कुठे?" पिल्ली विचारी.

खार पुन्हा तेच बजावी. आपल्याला नीट सांगता येत नाही की काय, असे तिला वाटे. तिला बहुतेक गोष्टींत तसेच वाटे.

या वर्षी ती सर्वांच्या आधी बागेत पोहोचली. साळिंदरकाका स्वतःच्याच अंगाचा काटा उपसून पाट्यांवर नावे कोरत बसले होते.

"नाव सांगा, खारताई. अक्षर ठसठशीत काढतो."

"काका, पण नंतर पाणी कोण घालणार?"

"आधी नाव सांगा हो. मागे रांग लागलीय."

रांगेतली रानडुकरीण म्हणाली, "माझ्याकडे बघू नका बाई. मी झाडलोटीच्या गटात आहे."

दगडावर उभ्या असलेल्या बगळेबुवांनी मान लांब केली. "खारताई, तुमचा वाटा तर ठरलेलाच आहे!"

सगळे हसले. खारही हसली, आणि आपण का हसलो म्हणून मग बराच वेळ चडफडत राहिली.

तिच्या वाट्याला शेवटच्या रांगेतली जागा आली. शेजारीच तिचा मागच्या वर्षीचा खड्डा होता. रोपाची काडीही उरली नव्हती; पाटीवरचे नाव मात्र कालच कोरल्यासारखे होते. तेव्हाही ती पाणी घालायला येणारच होती. पहिल्या आठवड्यात पिल्लीला ताप आला. दुसऱ्या आठवड्यात घार खाली उतरू लागली. तिसऱ्यात तिला वाटले, एव्हाना कुणीतरी घातलेच असेल. त्या पाटीकडे पाठ करून तिने नवे रोप लावले.

टाळ्या वाजल्या. बगळेबुवांनी बाग हिरवी झाल्याचे जाहीर केले. बघता बघता सारे पांगले, आणि झाडून लख्ख केलेल्या जमिनीवर लपायला एक पानही उरले नाही.

खार थांबली. पिल्लीला रोपापाशी बसवून ती करवंटी घेऊन ओढ्यावर गेली. "हलू नकोस हं, आलेच मी." अर्धे पाणी वाटेतच सांडले. धावू की सांभाळून चालू, हेही तिला ठरवता येईना.

परत आली तर रोपापाशी पिल्ली नव्हती.

ती मागच्या वर्षीच्या खड्ड्यात उभी होती. पाय मातीत पुरलेले, दोन्ही हात वर, बोटे फाकलेली, डोळे मिटलेले. पुढ्यात आईच्या नावाची पाटी.

"अगं, काय करतेयस? बाहेर ये!"

"मी झाड झालेय."

बागेच्या दुसऱ्या टोकाकडून एक सावली पाट्यांवरून सरकत येऊ लागली. खारीच्या हातातली करवंटी पडली.

"चल लवकर, घार आलीय!"

पिल्ली जागची हलली नाही. डोळे न उघडताच ती म्हणाली, "तू चुकतेयस, आई. आधी टाळ्या वाजव, मग घरी जा. तू गेलीस की मी वाळायचं."