तिमण्णाचा टॅब

‘उस्ताद, असा टॅब आख्ख्या जत तालुक्यात आजवर कुणी घरी बनवलाय का? सांगा. एकाचं नाव सांगा!’

एवढं बोलून नागनाथनं छाती पुढं काढली. मग स्वतःच खाकरला आणि हळूच म्हणाला, ‘म्हणजे... कुणाला बनवायचाच नव्हता, ती गोष्ट वेगळी.’

दस्तगीर उस्ताद शेळीला पाला घालत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

उस्ताद म्हणजे फार मोठा माणूस. उंची पाच फूट, त्यातली चार बोटं टोपीची. शाळा चौथीपर्यंत, पुढं दोघांचं पटलं नाही, शाळेचं आणि त्यांचं. गावाबाहेर फकिराच्या मुक्कामाचा तक्या आहे, त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड. चाळीस वर्षं त्यांनी तिथं मुके पडलेले रेडिओ दुरुस्त केले. आता रेडिओ कुणी आणत नाही, म्हणून आल्यागेल्या माणसाच्या खोड्या काढतात. हात रिकामा राहिला की त्यांना झोप लागत नाही.

आणि नागनाथ धोत्रे त्यांचा शिष्य. शिष्य म्हटलं म्हणून कोवळा समजू नका. चांगला पस्तिशीचा बाप्या. सात वर्षं त्यानं याच शेडमध्ये सोल्डरचा धूर खाल्ला. मग एसटी स्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि तेव्हापासून त्याच्या अंगाला अत्तराचा वास यायला लागला. चालही जरा बदलली.

उस्तादांच्या शेडचा एक रिवाज होता. शिष्यानं पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं एखादी वस्तू बनवली, की तिचा शेवटचा एक स्क्रू मोकळा ठेवायचा. वस्तू आठ दिवस घरी वापरायची, मग उस्तादांकडे आणायची. तो स्क्रू उस्तादांनी आपल्या हातानं पिळायचा. पिळला, की शिष्य सुटला. त्यानंतर त्यालाही लोकांनी उस्ताद म्हणायला हरकत नाही.

अकरा माणसं अशी सुटली होती. नागनाथला बारावा व्हायचं होतं. नुसतं व्हायचं नव्हतं. घरून निघतानाच तो झालेला होता.

त्यानं बाकड्यावर रुमाल अंथरला. त्यावर टॅब ठेवला. भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटमधून कापलेली पेटी, चारी कोपरे घासून गुळगुळीत केलेले.

उस्तादांनी बघितलं. ‘हे काय, पोळपाट?’

‘टॅब आहे, उस्ताद!’

‘बरं. लाटून दाखव.’

नागनाथनं राग गिळला. सात वर्षांत एवढं तरी तो शिकला होता.

‘आत पत्त्यांच्या जोडाएवढी एकच हिरवी पाटी आहे,’ तो म्हणाला. ‘तिच्यातच सगळा कॉम्प्युटर. वर टचस्क्रीन. खाली पॉवर बँक. बाजूला स्पीकर. स्पीकर तुमच्याच भंगारातल्या रेडिओचा.’

‘चोरलास होय?’

‘...विचारणार होतो.’

‘पुढं बोल.’

‘आबांसाठी केलाय.’

शेळीपुढं पाला टाकणारा उस्तादांचा हात थांबला.

आबा म्हणजे नागनाथचा बाप, तिमण्णा पाथरवट. पन्नास वर्षं त्यानं पाटे-वरवंटे घडवले, गावोगाव हिंडून गुळगुळीत झालेल्या जात्यांना टाकी लावली. गेल्या दिवाळीत त्याचं उजवं अंग गेलं. अंगाबरोबर वाचा गेली. लिहायला तर येतच नव्हतं. तेव्हापासून तो खाटेवर पडून आढ्याकडे बघायचा. त्याला काय पाहिजे, ते आढ्याला तेवढं ठाऊक.

नागनाथनं दहा महिने दुकान संभाळून हा टॅब जुळवला होता. हे मात्र खरं, त्यात थट्टा नाही.

‘बघा.’ त्यानं बटण दाबलं. पडदा उजळला. सहा चित्रं आली: तांब्या, ताट, पंखा, दिवा, औषधाची बाटली, मोरी. ‘ज्याला बोट लावाल ते हा मागतो. आबांच्या वतीनं.’

त्यानं तांब्यावर बोट टेकवलं.

‘मला पाण्याची आवश्यकता आहे,’ टॅब म्हणाला. आवाज नागनाथचाच होता, फक्त बातम्या सांगायला बसल्यासारखा.

उस्तादांचं तोंड उघडंच राहिलं.

‘हे तिमण्णा म्हणणार?’

‘हो.’

‘तिमण्णा? आवश्यकता?’

‘शुद्ध नको का, उस्ताद?’

‘लेका, बाप तुझा पाणी मागताना नुसता “ए” म्हणायचा. तांब्या आपोआप यायचा.’

नागनाथनं ते मनाला लावून घेतलं नाही. ‘पहिल्यांदा स्क्रीन उलटी बसली होती,’ तो सांगत सुटला. ‘तांब्याला हात लावला की हा मोरी मागायचा. तीन दिवस घातले, पण सरळ केला. आता सगळ्यांची बोटं घेतो. माझं घेतो, बायकोचं घेतो, पोस्टमनचं घेतलं. सरपंचांचा मेहुणा आला होता, त्याचंसुद्धा घेतलं.’

‘मेहुण्याचं घेतलं म्हणजे झालंच.’

‘आणि वरून जाड काच बसवलीय. आबांचा हात दणकट. फोडतील म्हणून.’

उस्तादांनी तळहात पुढं केला.

नागनाथनं खिशातून तो स्क्रू काढला, कागदाच्या पुडीत जपून आणलेला, आणि उस्तादांच्या हातावर ठेवला. वाकून पायाही पडला. घाई जरा झालीच.

उस्तादांनी स्क्रू उचलला, उन्हात धरून बघितला आणि सरळ कुडत्याच्या खिशात टाकला.

‘उस्ताद!’

‘थांब की. मला तहान लागलीय. पाणी मागू दे आधी.’

त्यांनी तांब्यावर बोट टेकवलं.

...

टॅब गप्प.

त्यांनी पुन्हा टेकवलं. बोट बदललं. अंगठा लावला.

...

‘असं नव्हे उस्ताद. हलक्यानं.’

‘हलक्यानं.’

...

‘दाबू नका हो! नुसतं टेकवा. पिसासारखं.’

‘पिसासारखं.’

...

नागनाथच्या कपाळावर घाम आला. घरून निघताना चालत होता. वाटेत रिक्षात चालत होता. त्यानं उस्तादांच्या हाताखालून स्वतःचं बोट घातलं. ‘मला पाण्याची आवश्यकता आहे,’ टॅब लगेच म्हणाला.

‘टॅबला काही झालेलं नाही,’ नागनाथ सुटकेचा श्वास टाकून म्हणाला. ‘तुम्हाला जमत नाहीये.’

‘तसंच असणार,’ उस्ताद गरिबासारखे म्हणाले. ‘मी अडाणी माणूस.’

मग त्यांनी मागं वळून हाक मारली. ‘बेगम! इकडं ये गं.’

बेगम म्हणजे शेळी. ती आली. नागनाथ ‘हां हां हां’ करीत पुढं झेपावेपर्यंत तिनं टॅब हुंगला, दहा महिन्यांच्या मेहनतीला ओलं नाक लावलं आणि एकदा इकडून तिकडं जीभ फिरवली.

‘मला पाण्याची आवश्यकता आहे,’ टॅब म्हणाला.

नागनाथ जागच्या जागी खिळला.

उस्ताद मात्र अदबीनं उठले, कोपऱ्यातली बादली आणली आणि शेळीपुढं ठेवली. ‘घ्या, बेगमसाहेब. शुद्ध बोलता हो तुम्ही.’

बेगम पोटभर पाणी प्याली.

‘हिला पहिल्या झटक्याला जमलं,’ उस्ताद म्हणाले. ‘मला का नाही?’

नागनाथ शर्टाच्या बाहीनं काच पुसत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं होतं. ‘थट्टा करू नका, उस्ताद. साधी गोष्ट आहे. तुमच्या बोटांचा दोष आहे.’

‘काय झालंय माझ्या बोटांना?’

उस्तादांनी दोन्ही पंजे त्याच्यापुढं उघडले. चाळीस वर्षं तापलेल्या तारा धरून शेंडे चकचकीत, कडक झाले होते. वाळल्या चामड्यासारखे.

‘राठ झालीत,’ नागनाथ म्हणाला. विषय त्याच्या दुकानातला निघाला तसा आवाजही चढला. ‘ही काच दाबून चालत नाही. अंगातली बारीक वीज तिला बोटातून लागावी लागते. शेळीचं नाक ओलं, मऊ, म्हणून लागते. कातडी कोरडी आणि कडक असली, त्यात वर जाड काच असली, की मग कितीही आपटा. स्क्रीनला कळतच नाही की कुणी हात लावलाय.’

‘कळतच नाही?’

‘नाहीच. स्क्रीनच्या दृष्टीनं तिथं कुणी नसतंच.’

‘वा. पुष्कळ शिकलास.’

उस्तादांनी त्याच्यापुढं पानाची चंची सरकवली. नागनाथ जरा खुलला. आता स्क्रू निघेल, असं त्याला वाटलं.

‘तिमण्णा कुठल्या हाताचं बोट लावतो?’ उस्तादांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

‘डाव्या. उजवा गेलाय ना.’

‘पाथरवट उजव्या हातात हातोडा धरतो. डाव्या हातात काय धरतो रे?’

‘छिन्नी.’

म्हणाला, आणि त्याचा हात चंचीतच राहिला.

...

पन्नास वर्षं. हातोड्याचा एकेक घाव छिन्नीतून ज्या बोटांत उतरला, ती बोटं. लहानपणी नागनाथ शाळेत फुशारकी मारायचा, आमचा आबा चुलीतला इंगळ बोटांत धरून बिडी पेटवतो म्हणून. पोरं खरं मानत नसत. मग तो त्यांना घरी आणून दाखवायचा.

‘आठ दिवस घरी वापरलास ना?’ उस्ताद म्हणाले. ‘रिवाजाप्रमाणं?’

‘...हो.’

‘काय झालं?’

‘काही... काही नाही. पहिल्या दिवशी आबांनी बोट टेकवलं. काही वाजलं नाही. मी म्हटलं, असं नव्हे आबा, हलक्यानं.’

‘मग?’

‘त्यांनी हलक्यानं लावलं.’

‘मग?’

‘मला वाटलं, लावतच नाहीत. नुसते माझ्याकडे बघतायत.’

शेळीनं बादलीतून तोंड काढलं.

‘दुसऱ्या दिवशी दाबायला लागले. मग ठोकायला. सारखं त्या तांब्यावर. मी... मी ओरडलो.’

‘काय ओरडलास?’

‘दहा महिने घातलेत म्हटलं. आडमुठेपणा करू नका म्हटलं. तुम्हाला नकोच असेल तर तसं दाखवा.’

‘मग?’

‘तरी ठोकतच होते. पाचव्या दिवशी टॅब काढून फळीवर ठेवला. फुटला असता, उस्ताद.’

‘फळीवर.’

‘दाराच्या वर. पाणी मी पाजतो हो, दर दोन तासांनी. घड्याळ लावून. त्यात चूक नाही होत.’

‘आणि तो?’

नागनाथनं चंची बाजूला सरकवली.

‘फळीकडे बघत असतात. दिवसभर. डावा हात असा... वर धरून. मला वाटलं, रागावलेत. म्हणून मीच बोलणं सोडलं.’

...

शेडच्या पत्र्यावर कावळा उतरून नखं खरवडत होता. टॅबचा पडदा थोडा वेळ उजळत राहिला, मग कुणीच हात लावला नाही म्हणून आपोआप काळा झाला. नागनाथला त्या काळ्या काचेत स्वतःचं तोंड दिसलं. त्यानं टॅब पालथा घातला.

तो उठला. बसला. पुन्हा उठला. टॅब रुमालात गुंडाळायला गेला तर रुमालाचं टोक सापडेना. स्क्रू मागायचं त्याला आठवलं नाही. दारापर्यंत गेला आणि तिथून वळला. तोंड पांढरंफटक पडलेलं, आणि त्या पांढऱ्या तोंडावरही शेवटचा थोडासा राग शिल्लक होता, कारण तो कुठं ठेवावा हे त्याला समजत नव्हतं.

‘पण उस्ताद, एकदा... एकदा तरी त्यांनी मला सांगायचं होतं की! की हे चालत नाही म्हणून!’

उस्तादांनी त्याच्याकडं बघितलं. नागनाथ आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर थट्टा नव्हती.

‘कशानं?’