धवळीच्या गोठ्यातली धामण

पूर्वी पोतन नगरात अश्मकांचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व गोदेकाठच्या एका खेड्यात शिक्षक होऊन राहत होते. गावाच्या वरच्या अंगाला जांभळांची जुनी राई होती. राईत झरा होता आणि सारे गाव त्याच झऱ्याचे पाणी पीत होते. बोधिसत्त्व मुलांना राईतच शिकवीत. अक्षरे आणि आकडे तर शिकवीतच, पण त्यांची एक रीत वेगळी होती. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाला ते एक सजीव सोबती नेमून देत. कुणाला सुगरण, कुणाला वारूळ, कुणाला बांधावरचा पळस. सहाही ऋतू त्याच्याकडे पाहायचे. ते काय खाते, त्याला कोण खाते, ते कुठे निजते, हे शोधायचे. आणि सहा ऋतू पुरे होईपर्यंत त्याच्याविषयी मत म्हणून द्यायचे नाही.

गावातल्या जाणत्यांना हे रुचत नव्हते. "पाहायचं काय त्यात?" ते म्हणत. "आम्ही जन्मभर इथेच आहोत." जन्मभर ते तिथेच होते, एवढे मात्र खरे.

गावचा मुखिया असलेल्या ग्रामणी कालकाची नात सामा नऊ वर्षांची होती. तिला धामण मिळाली होती. ही धामण राईतल्या करवंदीच्या जाळीत राहत असे आणि दुपारच्या वेळी ग्रामणीच्या गोठ्याकडे येत असे. सामाने तिला पाच ऋतू पाहिले होते. पहिल्या ऋतूत सामा भीतीने झाडावर चढून बसे. आता ती धामणीपासून चार हातांवर बसून राहायला शिकली होती.

त्या ग्रीष्मात ग्रामणीची धवळी गाय आटली. दोन शेर दूध देणारी गाय वाटीभरावर आली. मग पिंपळाच्या पारावर चार म्हातारे जमले आणि पान लावून होईपर्यंत निवाडाही झाला. धामण गाईच्या मागच्या पायांना वेटोळे घालून तिला जखडते आणि कासेला लागून दूध पिते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

"एक धामण मी हेमंतातच ठेचली," कालक म्हणाला. "ही दुसरी. आता जाळीच पेटवायची. नांदायला जागा नको आणि साप नको."

"आजोबा, ती दूध पीत नाही," सामा पाराखालून म्हणाली. "तिला ओठच नाहीत. तिचे दात आत वळलेले आहेत. कासेला तोंड लावलं तर रक्त येईल. धवळीच्या कासेवर एक ओरखडा तरी आहे का? बघा ना जाऊन!"

म्हातारे हसले. "बघा, ग्रामणी," एक जण म्हणाला, "अंडं कोंबडीला शिकवतंय."

"घरात जा, सामा," कालक म्हणाला.

सामा घरात गेली नाही. ती धावत राईत गेली.

बोधिसत्त्वांनी तिचे सारे ऐकून घेतले आणि ते पारावर आले. ग्रीष्मातले वाळलेले रान, त्यात वरून वाहणारा वारा. जाळी पेटली तर राई पेटेल आणि राई गेली तर झरा राहणार नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितले. कुणी ऐकेना. तेव्हा ते म्हणाले, "ग्रामणी, मला एक दुपार द्या. मी गोठ्यात धवळीच्या पायांशी बसतो. तुम्ही आडून पाहा. धामण कासेला लागली, तर जाळी मी स्वतः पेटवीन, शाळा मोडीन आणि गाव सोडीन. पण ती कासेला लागेपर्यंत काठी उचलायची नाही."

"कबूल," कालक म्हणाला. पण त्याने दोन गड्यांना पेटता टेंभा देऊन राईकडे पाठवलेच. "माझी हाक ऐकलीत की लावा," असे त्याने त्यांना बजावले. त्याचा निवाडा आधीच झालेला होता.

दुपारी गोठ्यात झळा येत होत्या. बोधिसत्त्व धवळीच्या मागच्या पायांजवळ मांडी घालून बसले. कुडाच्या आड कालक काठी घेऊन उभा राहिला. त्याच्या शेजारी सामा आणि सामाची आई नंदा. कोपऱ्यात सरकीची कणगी होती, शेणाने लिंपलेली, माणसाच्या छातीएवढी उंच. धवळी रवंथ करीत होती. माशा घोंगावत होत्या.

धामण आली. उंबऱ्यावरून तिचे डोके आत आले, मग अंग, मग आणखी अंग, संपेचना. आजोबांच्या काठीवरची बोटे आवळली गेलेली सामाला दिसली. तिने मनात म्हटले, नको, आजोबा, थोडं थांबा, ती पुढे जाईल, ती रोज पुढेच जाते.

धामण बोधिसत्त्वांच्या पायावरून सरकली. ते हलले नाहीत. ती धवळीच्या मागच्या दोन पायांमधून निघाली आणि वळताना तिच्या अंगाचा एक वळसा गाईच्या खुराला लागला. धवळीने कानसुद्धा हलवला नाही.

"बांधली! बांधली हो!" कालक ओरडला आणि कुडाआडून पुढे होऊन त्याने काठी उगारली.

बोधिसत्त्व पुढे वाकले आणि त्यांनी धामणीवर आपला हात आडवा धरला. काठी त्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज सामाने ऐकला. बोधिसत्त्वांनी ओठ मिटून घेतले. ते ओरडले असते तर गाय उधळली असती आणि तिच्या पायांखाली धामण चिरडली असती. धामण सुटली आणि कणगीच्या बुडाशी असलेल्या एका भोकात नाहीशी झाली.

आत चीं चीं झाले. कणगीच्या बुडातून उंदीर उसळले. एक, तीन, दहा. ते कालकाच्या पायांवरून धावत गेले.

सामा कणगीपाशी गेली. धामण आत असताना तिने त्या भोकात हात घातला आणि मूठ भरून बाहेर काढली. मुठीत सरकीची रिकामी टरफले होती आणि उंदरांच्या लेंड्या.

"बघा," ती म्हणाली. "आता तरी बघा."

कालक बघत राहिला. नंदाने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "मामंजी," ती म्हणाली, "दोन महिने कणगी उतरते आहे. तुम्ही मलाच चोर म्हणाल, या भीतीने मी बोलले नाही. धवळीचं सरकीचं आंबोण मी अर्ध्यावर आणलं."

"अर्ध्या आंबोणावर गाय आटणार नाही तर काय!" कालक स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. मग थांबून, "आणि एवढे उंदीर आले कुठून?"

"हेमंतात तुम्ही ती एक धामण मारलीत ना?" सामा म्हणाली. "तिच्या वाटणीचे उरले."

तेवढ्यात धुराचा वास आला. गड्यांनी हाक ऐकली होती.

सत्तरीचा कालक राईकडे अनवाणी धावला. करवंदीची जाळी तडतडत होती आणि ज्वाळा पहिल्या जांभळाच्या खोडाला चाटत होती. त्याने डोक्याचे पागोटे सोडले, झऱ्यात बुडवले आणि आगीवर झोडपू लागला. मुले मडकी घेऊन आली, मग बायका आल्या, शेवटी पारावरचे म्हातारेही आले. आग विझली तेव्हा जाळी गेली होती, तीन जांभळे काळी पडली होती आणि सुगरणीची घरटी लटकत असलेली फांदी उरली नव्हती. ज्या मुलीला सुगरण मिळाली होती ती राखेपाशी बसून रडत होती.

बोधिसत्त्व हात गळ्यात बांधून आले. कालक त्यांच्या पायांवर वाकला. "आचार्य, मला शिक्षा सांगा."

"ती मी सांगणार नाही," बोधिसत्त्व म्हणाले. त्यांच्या मनात राग नव्हता, पण बोलणे मऊही नव्हते. "जळले ते तुम्हाला क्षमा करू शकत नाही. उद्यापासून शाळेत या. या काळ्या पडलेल्या जांभळाकडे सहा ऋतू पाहा. तोपर्यंत पारावर कुणाविषयीही मत द्यायचे नाही."

कालक आला. सहाही ऋतू तो मुलांमध्ये बसला. वसंतात एका काळ्या खोडाला तांबूस पालवी फुटलेली पहिल्यांदा त्यालाच दिसली, आणि तो नातीला हाका मारीत धावला.

एवढी पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, विहारातल्या सभेला म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळची सामा म्हणजे आज इथे पुढे बसलेली भिक्खुणी, जी प्रश्न विचारायला कधी कचरत नाही. नंदा म्हणजे तिच्या मागची ती अबोल उपासिका. धामण आता माणसाच्या जन्माला आली आहे आणि या विहाराचे धान्य राखते. ग्रामणी कालक म्हणजे तो वृद्ध भिक्खू, ज्याने आज सकाळी सामणेरांना, नुकत्याच दीक्षा घेतलेल्या या मुलांना, 'तुम्हाला काय कळतं' म्हणून गप्प केले. आणि तो शिक्षक मीच होतो."

वृद्ध भिक्खूने मान खाली घातली. शास्त्यांनी त्या जन्मीच्या आपल्या पारमितेचे नाव सांगितले. ती मैत्री पारमिता, म्हणजे सर्व जीवांविषयीच्या मैत्रीची परिपूर्णता, होती. आणि त्या दिवशी सामणेरांच्या रांगेत, सर्वांत धाकट्याच्या मागे, त्या वृद्धाने आपले आसन मांडले.