पेवाच्या तळाची भूक

एका राज्यात धान्य उदंड होतं आणि माणसं जेवूनही उपाशी होती. कसं, ते ऐका.

राजा नागदेवाच्या राजधानीत एक पेव होतं, जमिनीच्या पोटात खणलेलं धान्याचं कोठार. साऱ्या मुलखाचं पीक आधी तिथं पडायचं, मग लमाणांच्या बैलांवर लादून गावोगाव परत जायचं. राजाची धाकटी बहीण सगुणा सीमेवरच्या गढीत दिलेली. तिथं गोणी भरून यायच्या, भाकरी टम्म फुगायच्या, पण खाल्लेलं अंगी लागायचं नाही. तिचा तान्हा लेक मऊभात गिळायचा आणि गिळता गिळता भुकेनं रडायचा. उन्हात धरला तर त्याची सावली पडेना.

सगुणेनं तांड्याच्या म्होरक्याला विचारलं, "झेंडूनाईक, वाटेत गोणी बदलता काय?"

"आईसाहेब, गोणी त्याच, गाठी त्याच. पण मुक्कामाला टेकलो की आतून चावल्याचा आवाज येतो. बैल ओझ्याला पाठ देईनात. म्हातारा आहे म्हणून थांबलो. तरणा असतो तर पळालो असतो."

सगुणेनं लेकाला कडेवर घेतलं आणि रिकाम्या तांड्याबरोबर माहेरची वाट धरली.

टळटळीत दुपार. पेवाच्या दगडी झाकणावर पिंगळा, बारकं घुबड, बसलेला, भर उन्हात डोळे सताड उघडे.

"ओवाळणी मागायला आलीस?" पिंगळा म्हणाला.

"लेकाचा जीव मागायला आले."

"मग तीन कामं कर. पेवाला वारा दे. तळाशी आहेत त्यांना विचार, काय हवं. आणि ज्यानं द्यायचं, त्याच्याकडूनच देवव."

बैलांनी झाकण ओढलं. आतून ऊन ऊन श्वास आला, झोपलेल्या माणसाचा येतो तसा. सगुणेनं दोरीनं पणती सोडली, विझली. थांबून पुन्हा सोडली, विझली. तिसऱ्यांदा तेवली, तशी ती उतरली.

लमाणांनी कडेनं धान्य उपसत वाट केली. वर पिवळी जोंधळ्याची रास, खाली काळी. काळ्या दाण्यांना तोंडं होती. घरट्यातल्या पिलांसारखी ती उघडत होती, मिटत होती.

"काय हवं तुम्हाला?"

"आम्ही पहिल्या सुगीचे," सगळे एका आवाजात बोलले. "दरसाल डोक्यावर नवं पडतं, दरसाल वरचंच बाहेर जातं. राजाच्या मांत्रिकानं मंत्रानं किडीचं तोंड बांधलं, आणि माणसाचं तोंड आमच्यापर्यंत आलंच नाही. कुणी खाल्लं नाही, म्हणून आम्हीच खातो. गोणीगोणीत आमच्यातला एखादा जातो, बाकीच्यांतलं सत्त्व चाटतो. ज्यानं आम्हाला दाबून ठेवलं, त्यानं आम्हाला खावं. मग तळाला ऊन दाखवावं."

सगुणा भावाकडे गेली. राजा म्हणाला, "सगुणे, आईचं विसरलीस? कणगीचा तळ दिसू द्यायचा नाही. तळ दिसला की लक्ष्मी उठते."

"दादा, आई मूठभर ठेवायची. तू अर्धं पेव ठेवलंस. एवढी मूठ आपल्या आईची नव्हती."

"तळ दिसला तर माझं राज्य जाईल."

"नाही दिसला तर तुझा भाचा जाईल."

तिनं लेकाला उन्हात धरलं. राजानं खाली पाहिलं. तिथं तिची एकटीचीच सावली होती, आणि त्या सावलीचे हात रिकाम्याला कवटाळून होते.

राजानं डोक्यावरचा मंदिल काढून ठेवला. पेवात उतरला, काळी मूठ तोंडात घातली आणि चावली. दातांखाली दाण्यांनी सुस्कारा टाकला. त्याचे केस पांढरे झाले. उरलेल्या दाण्यांची तोंडं एकामागून एक मिटली. ते बाहेर काढले, तर उन्हात त्यांची माती झाली. ती शेतात पसरली. तळ दिसला, राज्य गेलं नाही.

मग राजानं नेम घालून दिला. ज्या खोऱ्याचं पीक, त्या खोऱ्यात त्याचं पेव. उरेल तेवढंच बैलावर चढावं, आणि तेही राजधानीला वळसा न घालता शेजारच्या तुटीच्या गावी जावं. जुनं आधी निघावं, नवं मग पडावं. सुगीच्या तोंडी पेव पुरं रिकामं करून बायांनी तळ सारवावा, त्यावर रांगोळी घालावी.

परतीच्या वाटेवर सगुणेनं चूल मांडली. लेकानं मऊभाताचा घास खाल्ला, आणखी खाल्ला. तिनं पुढचा घास पुढं केला, तर त्यानं तोंड फिरवलं.

"नको म्हणतोय," झेंडूनाईक म्हणाला.

"नको म्हणतोय," सगुणा म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत राहिली.

ज्यांचं पोट भरलं त्यांनी निजावं. ज्यांचं राहिलं त्यांना आधी वाढावं.