मामाची वाटी

थांबा पाहुणे, त्या दगडी वाटीला तोंड लावू नका. तहान लागली असेल तर हा तांब्या घ्या. वाटीचं मग बघू. तुम्ही वरच्या वाडीत घरासाठी जागा बघायला निघालात ना? मग तिची गोष्ट ऐकूनच जा.

हे टाकं म्हणजे आमच्या तळसवड्याचं पिण्याचं पाणी. डोंगरावर चुना लावलेल्या दगडांची ओळ दिसते? तिच्या वर नांगर चालत नाही, गुरं बसत नाहीत, घर उठत नाही. ओळीच्या खाली ती वरची वाडी. तिथलं शेंबडं पोर जरी इथे आलं, तरी आमची पिकल्या केसांची माणसं त्याला 'मामा' म्हणतात. हसू नका, त्याला कारण आहे.

असं सांगतात, की फार पूर्वी वाडीत हैबती नावाचा शेतकरी होता. तो अंबाडी लावायचा. तिच्या सालीचा वाख दोर वळायला लागतो, आणि हैबतीचा वाख चार बाजारांत हातोहात खपायचा. पण वाख काढायचा तर अंबाडी आधी पाण्यात कुजवावी लागते. ती तो डोंगरावरच्या डोहात घालायचा. अंबाडी कुजली की पाणी काळं पडतं आणि असा वास सुटतो, की म्हशीसुद्धा तोंड फिरवतात. डोहाचं पाणी मुरत मुरत याच टाक्यात उतरतं. वाडीचा झरा मात्र डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, त्यामुळे वर कुणाला झळ नव्हती. इथे पोरं हगवणीनं दगावू लागली. गावकरी वर गेले, हातापाया पडले. हैबती म्हणाला म्हणे, "डोह आमच्या हद्दीत हाय. पानी खाली जातं, त्याला मी काय करू?"

त्याची धाकटी बहीण ठकू याच गावात दिलेली. तिची दोन मुलं बारशाआधीच गेली. दोन्ही वेळा हैबती आला, धाय मोकलून रडला, आणि सुतकाच्या घरचं पाणी न घेता परत गेला. पुढच्या हंगामात पुन्हा डोहात अंबाडी. माणूस वाईट नव्हता हो. डोळ्यांवर कातडं ओढलं होतं.

तिसऱ्यांदा ठकूला मुलगा झाला. बाराव्या दिवशी मामा झबलं-टोपडं घेऊन उतरला. ठकूने पाट मांडला, बाळ त्याच्या मांडीवर दिलं आणि गुळाचा खडा नि वाटीभर पाणी पुढे ठेवलं. हैबतीने वाटी ओठांशी नेली आणि तो थांबला. हा वास त्याच्या ओळखीचा होता. बाळ भुकेनं त्याच्या पैरणीची बाही चोखत होतं.

"ठके, दुसरं पानी दे."

"दादा, दुसरं न्हाई. ह्येच पिऊन माझ्या अंगावर दूध येतं."

हैबतीने घोटाघोटाने वाटी संपवली. बाळ ठकूकडे देऊन तो वर गेला आणि डोहातली सगळी अंबाडी त्याने एकट्याने बाहेर ओढली. मग टाक्यापाशी येऊन त्याने साऱ्या वाडीला आण घातली: ज्याचं घर वर, त्याची वाटी खाली. त्याचा धंदा बसला. पुढे तो दगड फोडायला लागला. ती डोंगरावरची ओळ त्यानेच मांडली आणि ही वाटीही त्यानेच कोरली म्हणे.

वाडीचे लोक सांगतात, त्या पाण्याने तो मरता मरता वाचला. आमचे लोक सांगतात, त्याला काही झालं नाही. मला कोडं वेगळंच आहे. वाटी ओठांशी नेईपर्यंत त्याला खरंच काही कळलं नव्हतं, की कळत होतं? ते कुणीच सांगत नाही. बाळ मात्र जगलं. अर्धं गाव त्याच्या वंशाचं आहे, म्हणून वाडी आमचं आजोळ.

आजही जत्रेला वाडीतल्या घराघरातलं माणूस खाली येऊन या वाटीने पाणी पितं, मगच पालखी हलते. आणि वर कुणी नवा राहायला येणार असला, तर आम्ही त्याला नियम वाचून दाखवत नाही. गावातलं सगळ्यात लहान मूल त्याच्या मांडीवर देतो.

अगं शेवंता, तान्हीला बाहेर आण! बसा पाहुणे, मांडी नीट घाला. तिची मान सांभाळा, अजून धरत नाही. हां, आता घ्या वाटी, मामा.