कासवाच्या पाठीवरचे शेवाळ

एका राज्यात सूर्य उगवत असे, पण ऊन पडत नसे. जोंधळा कणसातच कुजे. माणसे हलक्या आवाजात बोलत.

तेथील राजा अरिंदम याने आपल्या बागेसाठी एका मांत्रिकाचे तळे उपसले होते. मांत्रिक दरबारात आला. म्हणाला, "राजा, पाण्याचा तुला फार हव्यास. मग पाण्यातच राहा. पाठीवरचे शेवाळ निघेल, तेव्हा माणूस होशील. तोवर तुझ्या राज्यात ऊन नाही."

एवढे बोलून तो धूर होऊन गेला. सिंहासनावर एक कासव उरले. त्याच्या कवचावर दाट, हिरवे शेवाळ होते.

राणी कुमुद्वतीने त्याला हौदात ठेवले. आपल्या हाताने ती त्याला कोवळा पाला भरवी.

प्रथम लोहाराने सुरीने कवच खरवडले. रक्त आले, शेवाळ तसेच. मग वैद्याने चुन्याची निवळी ओतली. कासवाचे डोळे सुजले, शेवाळ तसेच.

राणी पायरीवर रडत बसली. तोच एक खंड्या पक्षी काठावर उतरला आणि बोलू लागला.

"राणी, हे शेवाळ तुझ्याच तळहाताने निघेल. पण जितके निघेल, तितके तुझे आयुष्य सरेल."

"कासवाला कळते का रे, कोण घासते आहे ते?"

"कळते. बोलता येत नाही."

"तेवढे पुरे."

हे ऐकताच कासव हौदाच्या तळाशी जाऊन बसले. राणी कमरभर पाण्यात उतरली. तिने त्याला उचलून छातीशी धरले.

"तुम्ही नको म्हणणार, ठाऊक आहे मला. पण बाहेर लेकरे उपाशी आहेत, महाराज."

कासव निश्चल झाले. राणी घासू लागली. शेवाळ सुटून पाण्यावर तरंगले. तिचे केस पांढरे झाले, बोटे वाकली, पाठीला पोक आले. मानेजवळची शेवटची हिरवी रेघ निघाली, आणि हौदात तरुण राजा उभा राहिला. समोर एक थकलेली म्हातारी होती.

"कुमुद्वती, हे काय केलेस?"

"ऊन पडले का, सांगा. मला आता दिसत नाही."

"पडले आहे," राजा म्हणाला, आणि तिला उचलून उन्हात घेऊन गेला.

मांत्रिकाचे तळे त्याने पुन्हा भरून दिले. त्या साली पीक उदंड आले. राणीने नव्या जोंधळ्याची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, आणि थंडी सरण्याआधी ती गेली.

राजा पुढे पुष्कळ वर्षे जगला. त्याने चांगले राज्य केले.